चारशे सीसी, एमएच ३५

पॉवरफुल ‘नेकेड’ बाईक मिरवायला पुणं-मुंबईच लागतं असं कुणी सांगितलं? गोंदियात राहून ती पाळणं म्हणजे काय असतं, त्याचा हा साडेचार वर्षांचा हिशेब... थोडा पेट्रोलचा, जास्त धडधडीचा!

“कितना देती है, भाऊ?”

जयस्तंभ चौकात गाडी स्टँडवर लावली रे लावली की हा प्रश्न हजर. विचारणारा कुणीही असतो. पानठेलेवाला, धानाचा व्यापारी, बँकेतले साहेब, एकदा तर ट्रॅफिक हवालदार! मी ‘तीस’ म्हणून ठोकून देतो. खरा आकडा पंचवीस-सव्वीसचा, पण तेवढं बोलायची हिंमत होत नाही राव. तीस ऐकूनच समोरच्याच्या चेहऱ्यावर अशी काही दया उमटते, की जणू घरात कुणी आजारी आहे. मग तो आपल्या शंभर सीसीवर टांग टाकतो आणि साठ-सत्तरच्या ॲव्हरेजच्या आनंदात निघून जातो.

गाडी कुठल्या कंपनीची, ते इथं लिहीत नाही. जाहिरातही नको आणि पुढे ज्या चार तक्रारी करणार आहे त्याचं भांडणही नको. एवढंच सांगतो, की ती चारशे सीसीच्या आसपासची आहे, चाळीसच्या वर घोडे आहेत आणि नंबरप्लेटवर एमएच ३५ आहे. नागपूरहून आणली, पासिंग गोंदियाचं. पुण्यातल्या आयटी कंपनीची नोकरी २०२०मध्ये घरी आली आणि तिच्यासोबत मीही. पुण्यात घरभाड्यात जाणारे पैसे वाचायला लागले. वाचलेल्या पैशाचं शहाण्या माणसानं काय करावं? एफडी. मी काय केलं? तेच, जे तुम्हीही केलं असतं!

‘नेकेड’ शब्द ऐकून आई पहिल्यांदा दचकलीच. तिला म्हटलं, “अगं, अंगात सदरा नसलेली गाडी.” याहून सोपी व्याख्या मला अजून सापडलेली नाही. स्पोर्ट्‌स बाईकवर असतं ते प्लॅस्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग, हिच्या अंगावर नसतं. इंजिन, रेडिएटर, फ्रेम सगळं डोळ्यांसमोर. हँडल रुंद, बसायचं ताठ, वारा थेट छातीवर. इटलीच्या डुकाटीनं १९९३मध्ये ‘मॉन्स्टर’ विकायला काढली आणि हा उघडेपणा जगभर स्टाईल झाला. आपल्याकडे तरुणाईला खरं वेड लावलं ते केटीएमच्या ३९० ड्यूकनं. जून २०१३मध्ये ती आली, ३७३ सीसी, ४३ हॉर्सपॉवर, दिल्लीत एक्स-शोरूम १ लाख ८० हजार. आणि बनत कुठं होती? ऑस्ट्रियात नव्हे, आपल्या चाकणला! पुढे बजाजची डॉमिनार (२०१६), ट्रायम्फची स्पीड ४०० (२०२३), पल्सर एनएस४००झेड (२०२४)... सगळ्या पुण्याच्याच शेजारणी. थोडक्यात, हा साहेबी शौक असला तरी माती मराठी आहे.

अर्थात आमच्या शेजारच्या काकाजींना हे सगळं पोरखेळ वाटतं. त्यांनी तरुणपणी ‘राजदूत ३५०’ पाहिलेली. एस्कॉर्ट्‌सनं यामाहाकडून घेऊन १९८३मध्ये रस्त्यावर आणलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. साधारण तीस घोडे, आणि पुढचा ब्रेक मात्र ड्रमचा! पळायचं जपानी, थांबायचं देशी. लोक तिला घाबरून असायचे. दोन वर्षांनी हिरो होंडाची सीडी १०० आली, ॲव्हरेजचं युग सुरू झालं आणि राजदूत मागे पडत गेली. ‘कितना देती है’ या प्रश्नाचं मूळ तिथं आहे, असं माझं मत. काकाजी माझ्या गाडीच्या पुढच्या डिस्कवर बोट फिरवून म्हणतात, “तेव्हा हे असतं तर किती पोरं वाचली असती, बाप्पा!”

<b>घोडे आहेत, मैदान कुठाय?</b>

आता येतो खरा लोच्या. ही ताकद वापरायची कुठं?

गावात दुसरा गिअर म्हणजे चैन. तिसरा पडला तर त्या दिवशी बंद असावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना रेल्वे फाटकावर उभं राहिलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा सरळ मांड्यांवर. उन्हाळ्यात जीन्स इस्त्री करायची गरज पडत नाही.

विदर्भातला सगळ्यात भन्नाट रस्ता कुठला? समृद्धी महामार्ग. ७०१ किलोमीटर, जून २०२५पासून मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण. आणि तिथं दुचाकीला बंदी! चाळीस घोड्यांची असो नाहीतर चारशे, टू-व्हीलरला एंट्री नाही. बंदी चुकीची आहे, असं मी म्हणत नाही. सरळसोट काँक्रीटवर झोपी गेलेल्या कारवाल्यांच्या मध्ये मलाही जायचं नाही. पण फाट्याजवळून जाताना एक उसासा निघतोच.

राहता राहिला आमचा हायवे. जुना एनएच ६, आता ५३. कोहमाऱ्याला चढायचं आणि देवरीकडे वळायचं. पहाटे सहाला हा पट्टा रिकामा मिळाला, तर मग विचारू नका! मासुलकसाच्या घाटात गाडी एका बाजूला झुकते, खालच्या गिअरमधून बाहेर येताना पोटात खड्डा पडतो आणि आठवडाभराचे कॉल, डेडलाइन, मॅनेजर सगळे मागे सुटतात. शंभरच्या पुढे गेलं की मात्र नेकेडचा खरा स्वभाव कळतो. आडोसा नाही, त्यामुळे वारा छाती मागे ढकलतो आणि हात हँडलला लोंबकळायला लागतात. वेगाची किंमत ही गाडी जागच्या जागी वसूल करते. मला हे आवडतं. फेअरिंगच्या आड बसून दीडशे कधी झाले ते कळत नाही म्हणे. इथं नव्वदलाही कळतं.

दुसरा रस्ता कोहमाऱ्याहून नवेगावबांधचा. इथं पळवायचं नाही, फक्त जायचं. नोव्हेंबरात धान कापलेलं असतं, सकाळी सगळीकडे तणसाचा ओलसर वास. फेअरिंग नसलं की वाससुद्धा थेट येतात, हे कुठल्या ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. एकदा गोंदियाजवळच्या परसवाड्याच्या तळ्यावर गेलो होतो. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात. तळं दिसायच्या आधीच इंजिन बंद केलं आणि पावणेदोनशे किलोची गाडी अर्धा किलोमीटर ढकलत नेली. जोडी दिसली. घामाने निथळत पाहिली, पण पाहिली!

<b>खिशाचं काय?</b>

यावर फार बोलत नाही, ईएमआय आठवतो. पण घ्यायचं मनात असेल तर एवढं ठेवा लक्षात. थर्ड पार्टी विमा २०२२च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि त्यावर एक सीसी गेला की २,८०४. सप्टेंबर २०२५मध्ये जीएसटी बदलला, तेव्हा ३५०च्या आतल्या गाड्या १८ टक्क्यांवर उतरल्या आणि वरच्या ४०वर चढल्या. म्हणजे सरकारच्या लेखी मी चैनखोर! पाचशे किलोमीटरला चेन साफ करून लूब लावायची, हा रविवारचा धर्म. माझ्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर गोंदियात नाही, त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसिंगला नागपूर. एकदा चेक लाइट लागला म्हणून गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं दोन प्रदक्षिणा घातल्या, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाला, “इसमें तो लॅपटॉप लगता है, भैया.” लॅपटॉप माझ्याकडे होता. त्याचा उपयोग नव्हता.

<b>मुरदोली</b>

गोंदियाहून कोहमाऱ्याला जाताना गोरेगावच्या पुढे मुरदोलीचं जंगल लागतं. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आजूबाजूची जनावरं कागदावरच्या सीमा पाळत नाहीत, ती रस्ता ओलांडतात. मी या रस्त्यावर लहानपणापासून आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं. सुट्टीत कधी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचो. मुरदोली आली की बाबा गाडी हळू करायचे, प्रवासी कुरकुरायचे आणि बाबा ऐकायचे नाहीत.

नोव्हेंबर २०२२. साकोलीचं लग्न आटपून रात्री साडेनऊला परत येत होतो. रस्ता पाठ, गाडी गरम, थंडी छान. काटा पंच्याऐंशीवर. डावीकडच्या झाडीतून एक चितळ उडाली. धावली नाही, उडालीच! दोन्ही ब्रेक आवळले. एबीएसनं लिव्हर बोटांखाली थडथडवला, मागचं चाक हललं, सावरलं. ती माझ्या पुढच्या चाकासमोरून गेली, आणि गाडी थांबली तेव्हा मी ती जिथून गेली त्या जागेच्या बऱ्याच पुढे होतो. म्हणजे वाचवलं ते ब्रेकनं नाही. ती अर्धा सेकंद लवकर उडाली, बस्स.

घरी येऊन हिशेब मांडला. इंजिनिअर ना, दुसरं काय करणार. साठच्या वेगाला एका सेकंदात १७ मीटर जातात. माणसाला दिसायला, कळायला आणि ब्रेक दाबायला तो एक सेकंद लागतोच. मग कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेकनं आणखी वीसेक मीटर. एकूण ३७. शंभरला पहिल्या सेकंदाचे २८ आणि थांबायचे पंचावन्न, म्हणजे ८३. आणि लो बीमचा कामाचा उजेड किती? चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे रात्री लो बीमवर शंभरनं जाणारा माणूस जे दिसतं त्याच्या आत थांबूच शकत नाही. गाडी दीड लाखाची असो की पंधरा लाखांची. हा हिशेब शोरूममध्ये कुणी सांगत नाही. टॉप स्पीड सांगतात.

ऑगस्ट २०२३मध्ये त्याच मुरदोलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघाला रात्री कारनं उडवलं. जखमी वाघ झाडीकडे सरपटत जातानाचा व्हिडिओ देशभर फिरला. उपचारासाठी नागपूरला नेताना तो गेला. तेव्हापासून गोरेगाव सुटलं की मी पन्नासवर येतो, दिवसा असो की रात्री. चाळीस घोडे आणि पन्नासचा वेग! मागून येणारे टेम्पो हॉर्न मारून पुढे काढतात, त्यातल्या पोरांना माझी गाडी दिसते आणि ती हसतात. एकदा एका ट्रॅक्टरनं ओव्हरटेक केलं. ते जरा जिव्हारी लागलं, खोटं कशाला बोला.

पण माझी खरी परीक्षा वेगळ्याच दिवशी झाली. २९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. भंडाऱ्याहून गोंदियाला येणारी शिवशाही बस याच रस्त्यावर, सडक अर्जुनी तालुक्यात उलटली. दहापेक्षा जास्त प्रवासी गेले. वळणावर समोर अचानक दुचाकी आली, तिला वाचवताना बस गेली, अशी पहिली बातमी.

मी तेव्हा नागपूरला ऑफिसच्या मीटिंगमध्ये. बाबांचे चार मिस्ड कॉल. बाहेर येऊन लावला तर त्यांनी ‘कसा आहेस’ विचारलं नाही. “गाडी कुठं आहे तुझी?” एवढंच. म्हटलं, घरीच आहे बाबा, पोर्चमध्ये, मी रेल्वेनं आलोय. “थांब,” म्हणाले. चपलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. ते पोर्चमध्ये जाऊन बघून आले. मग फोनवर बराच वेळ काहीच नाही. मी हॅलो हॅलो करत राहिलो. शेवटी म्हणाले, “त्या वळणावर मी रोज दोनदा जायचो.” आणि ठेवला.

त्यांनी गाडी विकायला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मीच ठरवलं. महिनाभरानं ओळखीत निरोप टाकला, की द्यायची आहे. किंमतही बरी लावली.

पहिल्याच रविवारी आमगावकडचा एक मुलगा आला, असेल एकोणीस-वीसचा. सोबत दोन मित्र, खिशात रोख. छान पोरगा होता, “भैया, भैया” करत होता, हेल्मेट मात्र एकाकडेही नव्हतं. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला, चावी लावून डिस्प्ले उजळवला. मी ‘तीस’ म्हणायच्या तयारीत उभा होतो.

त्यानं ॲव्हरेज विचारलंच नाही. म्हणाला, “भैया, टॉप किती मारली तुम्ही?”

बाबा दारात उभे होते. मी म्हटलं, अजून द्यायचं नक्की नाही. तो थोडा नाराज झाला, पाच हजार वाढवून बघितले, मग तिघं एकाच गाडीवर बसून निघून गेले. बाबा आत गेले आणि चहा टाकायला सांगितला. गाडी पोर्चमध्येच आहे. या रविवारी चेन करायची राहिलीय.