वाकड्या लाकडाची पेटी

पूर्वी घरातल्या बाईची म्हणून एक हक्काची वस्तू असे, फणेरपेटी. झाकणाला आतून आरसा, एका कप्प्यात कुंकवाचा करंडा नि मेणाची डबी, दुसऱ्यात फणी, आणि तळाशी कुणाला न सांगता ठेवलेले चार पैसे! साग-शिसवाच्या या पेट्या आता माळ्यावर गेल्या. त्या घडवणाऱ्या हातांचे काय झाले, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

बारामती तालुक्यातले सोमेश्वरनगर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते साखर कारखान्यामुळे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि या कोरड्या पट्ट्यात ऊस उभा राहू लागला. शेतीबरोबर सुताराचे कामही आलेच. बैलगाडी, नांगर, गुऱ्हाळाचा चरक या साऱ्याला बाभळीचे चिवट लाकूड लागे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला. चरकही लोखंडी झाला, गाडीला रबरी टायर लागले, दारे-कपाटे प्लायवूडची झाली. बलुत्यावर चालणारे घर रोजंदारीवर आले.

लाकूड मात्र अजूनही आहे. बांधावरची बाभूळ वादळात पडते, जुना वाडा उतरवला जातो. सरळ खोड, धड तुळया व्यापारी नेतो. मागे उरतात फांद्यांचे फाटे, गाठी, मुळाकडचा बुंधा. ‘वाकडं आहे’ म्हणून ते चुलीत जाते. खरी गंमत आहे ती याच लाकडात!

झाडाला जिथे फांदी फुटते तिथे दोन बाजूंचे तंतू एकमेकांत गुंततात. तो तुकडा मधोमध चिरून रंधला की मोरपिसासारखी रेषा उमटते. गाठाळ बुंध्यात डोळ्यांसारखी वर्तुळे दिसतात. चौकटीला हे लाकूड निरुपयोगी, कारण ते वेडेवाकडे ओढ घेते. पेटीला मात्र वीतभर तुकडा पुरतो. रंगांसाठीही दूर जायला नको. बाभळीचा गाभा तांबूस, शिसव जांभळट काळे, साग सोनेरी, हळदू पिवळे, आंबा फिकट.

पण निरनिराळी लाकडे एकत्र नांदवणे सोपे नाही. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र बरेच, आणि प्रत्येक जातीचे प्रमाण वेगळे. बारामतीच्या उन्हाळ्यात चपखल बसलेले झाकण मुंबईच्या जुलैत अडकून बसते! म्हणून तुकडे सावलीत वाळवायचे आणि आठवड्याला वजन करायचे. वजन उतरायचे थांबले की लाकूड कामाला तयार. सगळ्या पट्ट्यांच्या रेषा एकाच दिशेला ठेवायच्या. तळाची फळी खाचेत मोकळी सोडायची, सरसाने जखडायची नाही. साग-शिसव तेलकट, म्हणून चिकटवण्यापूर्वी स्पिरिटने पुसून घ्यायचे. फळी चिरून दोन भाग पुस्तकाच्या पानांसारखे उघडले की नक्षी आरशासारखी जुळते. आधी पेटी सगळीकडून बंद करायची आणि मग करवतीने झाकण वेगळे करायचे, म्हणजे रेषा अंगावरून झाकणावर सलग जाते. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे पातळ हात.

आपल्याकडे जडावाच्या पेट्यांना मोठा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ साहेबांच्या देशात मिरवत. काळे लाकूड, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक काड्या बांधून त्यांचे काप काढायचे आणि ते पेटीवर जडवायचे, अशी ती रीत. जॉर्ज बर्डवुड यांनी भारतीय कलाकौशल्यावरील १८८० च्या पुस्तकात ही कला इराणमधील शिराझहून सिंधमार्गे मुंबईला आल्याचे नोंदवले आहे. १९८६ आणि १९९१ च्या कायदादुरुस्त्यांनी भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि तो योग्यच होता. म्हैसूरचे कारागीर शिसवावर रंगीत लाकडांचाच जडाव करतात आणि त्यांच्या कामाला मागणी आहे.

शिसवही आता जपून वापरायला हवे. २०१७ पासून त्याच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. साग, आंबा, चिंच, फणस ही झाडे स्वतःच्या रानात असली तरी १९६४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पेटीसाठी मात्र झाड पाडायचे कारणच नाही. वाड्याच्या मोडक्या तुळईतून, जुन्या पलंगाच्या पायातून दोन-चार पेट्या सहज निघतात.

यावर कुणी बंगला बांधील असे नव्हे. एका चांगल्या पेटीला बरेच दिवस लागतात आणि तेवढी मजुरी देणारे गिऱ्हाईक शोधावे लागते. पण लेकीच्या लग्नात महागडी भेट शोधत शहर पालथे घालणारे आपणच ना? तिच्या आजोळच्या वाड्याच्या तुळईची, आजोबांनी लावलेल्या आंब्याच्या फांदीची पेटी गावच्या सुताराकडून करून घ्यावी, असे आपल्या मनात का येऊ नये? कारागिराच्या घरचा मुलगा रंधा हाती धरील की नाही, हे त्या एका मागणीवरही ठरू शकते. तेव्हा पुढच्या वेळी लाकडाचा ढीग चुलीकडे निघाला, तर त्यातला एखादा वाकडा तुकडा आधी रंधून तर पाहा!