ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवताना

वडीगोद्री आणि आसपासच्या गावांत बचत गटांच्या बैठकीला आम्ही जातो, तेव्हा कर्जाच्या मागणीत शेळी, शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीच्या जोडीला आता कॉम्प्युटरही येऊ लागला आहे. कुणाच्या मुलाला लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करायचं असतं, कुणाच्या मुलीला फ्लेक्सचं आणि पत्रिकांचं डिझाइन. अशा घरातून हमखास एक शब्द ऐकू येतो, ‘ओव्हरक्लॉक’. मुलं म्हणतात, कार्डाचा वेग फुकटात वाढतो. हे कितपत खरं आहे, आणि करायचंच असेल तर मशीन सांभाळून कसं करायचं, ते आज समजून घेऊ.

आधी ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते पाहू. कॉम्प्युटरच्या डब्यात चित्राचं आणि व्हिडिओचं काम करणारा एक वेगळा भाग बसवतात. त्याची स्वतःची चिप असते, स्वतःची मेमरी असते आणि स्वतःचे पंखे असतात. ही चिप किती वेगाने चालावी हे कंपनी ठरवून देते. तो वेग मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. आरटीएक्स ३०६० नावाचं एक कार्ड बऱ्याच ठिकाणी दिसतं. त्याचा वरचा वेग १७७७ मेगाहर्ट्झ लिहिलेला असतो आणि ते १७० वॉटपर्यंत वीज घेतं. ठरलेल्या वेगाच्या वर कार्ड पळवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

शिलाई मशीनला मोटर बसवली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. पायडल थोडं जास्त दाबलं की काम भराभर होतं. आणखी दाबलं की टाका सुटायला लागतो, दोरा तुटतो, मोटर तापते. कार्डाचंही तसंच आहे. टाका सुटण्याच्या जरा अलीकडे थांबायचं, एवढीच त्यातली कला आहे.

आता फायदा किती होतो ते बघू. २०१२ पासूनची बहुतेक कार्डं थंडावा आणि वीज पुरेशी असली की आपला वेग आपणच वाढवून घेतात. त्यामुळे माणसाने वाढवायला थोडीच जागा उरते. साधारण पाच ते दहा टक्के वेग वाढला तरी पुष्कळ झालं. म्हणजे ज्या व्हिडिओला एक तास लागत होता, त्याचे तीन ते पाच मिनिटं वाचतात. कॉम्प्युटरची रॅम कमी असेल किंवा जुनी हार्ड डिस्क असेल, तर खोळंबा तिथे होतो. मग कार्ड पळवून उपयोग नाही. आधी एसएसडी बसवली, रॅम वाढवली, तर फरक लगेच दिसतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कार्ड जेवढी वीज खातं, तेवढीच उष्णता बाहेर टाकतं. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत परम सिद्धी नावाचा महासंगणक आहे. २०२० साली जगातल्या महासंगणकांच्या यादीत तो ६३ वा आला होता. त्याचं बरंचसं काम अशाच जातीच्या मोठ्या चिपांवर चालतं. अशा यंत्रांसाठी थंड हवेची खास सोय करावी लागते. आपल्याकडे कॉम्प्युटर असतो पत्र्याच्या खोलीत, भिंतीला चिकटून, आणि बाहेर मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. खोली दहा अंशांनी तापली की कार्डही जवळजवळ तेवढंच जास्त तापतं. हिवाळ्यात वाढवलेला वेग जानेवारीत पेलतो आणि एप्रिलमध्ये दगा देतो. आणि आपली लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये असते. काम सगळ्यात जास्त त्याच दिवसांत असतं आणि ऊनही त्याच दिवसांत.

म्हणून वेगाला हात लावण्याआधी तीन कामं करून घ्यावीत.

पहिलं, धूळ काढणं. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, डबा उघडावा आणि मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने पंख्यांतली धूळ काढावी. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. डबा भिंतीपासून वीतभर तरी दूर असावा.

दुसरं, वीज. डब्यातला पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा हवा. वर सांगितलेल्या कार्डासाठी ५५० वॉटचा सप्लाय लागतो. अर्थिंग तपासून घ्यावं. बाजारात ६०० व्हीएचा छोटा यूपीएस मिळतो, तो साधारण ३६० वॉटच पेलतो, हेही लक्षात ठेवावं. आपल्याकडे लाइट कधी जाईल आणि व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नसतो. कमी व्होल्टेजवर विहिरीची मोटर कशी जळते, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

तिसरं, वॉरंटीचा कागद वाचणं. वेग वाढवल्यामुळे झालेलं नुकसान पुष्कळदा वॉरंटीत बसत नाही. आणि लॅपटॉप असेल तर हा नाद सोडूनच द्यावा. त्यात हवा खेळायला जागाच नसते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. एमएसआय आफ्टरबर्नर नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. तो कंपनीच्या वेबसाइटवरूनच घ्यावा. २०२१ मध्ये या प्रोग्रॅमच्या नावाने एक नकली वेबसाइट निघाली होती आणि कंपनीलाच लोकांना सावध करावं लागलं होतं.

आधी काहीच न बदलता अर्धा तास नेहमीचं जड काम चालवावं आणि कार्डाचं तापमान वहीत लिहावं. ते आत्ताच ८० अंशांच्या वर जात असेल, तर इथेच थांबावं. त्या कार्डाला वेग नको, हवा हवी आहे.

तापमान कमी असेल तर ‘कोअर क्लॉक’ची पट्टी १५ ते २५ मेगाहर्ट्झने सरकवावी. लगेच एखादा टेस्टचा प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालवावा. सगळं ठीक असेल तर पुन्हा तेवढीच पायरी. पडद्यावर रंगीत ठिपके आले, चित्र फाटल्यासारखं दिसलं, स्क्रीन काळी झाली किंवा प्रोग्रॅम आपोआप बंद पडला, की टाका सुटला असं समजावं आणि दोन पायऱ्या खाली यावं. मेमरीचा वेग वाढवायचा तर तो नंतर, वेगळा, ५० च्या पायरीने. दोन्ही एकदम वाढवले तर दोष कुठला ते कळत नाही. प्रत्येक पायरी, तापमान आणि तारीख वहीत लिहावी. ही टेस्ट दुपारच्या उन्हात करावी. दुपारी टिकलं तर रात्री टिकणारच.

व्होल्टेजच्या पट्टीला नवख्याने हात लावू नये. कॉम्प्युटर सुरू होताना हेच सेटिंग आपोआप लागू करण्याची जी खूण असते, ती आठ-पंधरा दिवस करू नये. मग काही बिघडलं तरी कॉम्प्युटर बंद करून चालू केला की कार्ड पुन्हा मूळ वेगावर येतं. ग्राहकाचं काम हातात असताना टेस्ट करू नये, आणि शूटिंगची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

आमच्या मते आपल्या भागासाठी याच प्रोग्रॅममधली दुसरी पट्टी जास्त कामाची आहे. तिचं नाव ‘पॉवर लिमिट’. ती १०० वरून ८५ वर आणली, तर कार्ड कमी वीज घेतं, कमी तापतं, पंख्यांचा आवाज उतरतो, आणि वेग मात्र थोडासाच कमी होतो. भर उन्हाळ्यात, दिवसभर काम असताना, हेच बरं.

कार्ड गटाच्या कर्जातून घेतलं असेल तर तो प्रश्न एकट्या मुलाचा राहत नाही. लग्नसराईत मशीन बंद पडलं तर कमाई थांबते, पण हप्ता थांबत नाही. म्हणून कॉम्प्युटरसाठी कर्ज मागताना चांगला पॉवर सप्लाय, पुरेसा यूपीएस आणि खोलीतल्या हवेची सोय यांचा खर्च त्याच अर्जात धरावा. आणि मुलं वेग वाढवतो म्हणाली, तर कॉम्प्युटर येत नसला तरी आईने चार प्रश्न विचारावेत. दुपारी तापमान किती जातं? वॉरंटी किती उरली आहे? मूळ वेगावर परत कसं आणायचं? आणि कामाची दुसरी प्रत कुठे आहे? चारही उत्तरं वहीत लिहिलेली असतील, तर खुशाल करू द्यावं. नसतील तर आधी वही, मग वेग.