ड्रोनची बॅटरी : भरूनही ठेवू नका, रिकामीही ठेवू नका



केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली आणि फवारणीचा ड्रोन बचत गटाच्या हाती आला. किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदानाची तरतूद त्यात होती. बाकीची रक्कम कर्जातून उभी केली, तर तिचे हप्ते फवारणीच्या कमाईतूनच फेडायचे असतात.

ड्रोनबरोबर बॅटरीचा एक संच आणि वरचे चार संच येतात. एक ड्रोनला लागलेला, एक थंड होतोय, एक चार्जिंगला, असं चक्र चाललं तरच दिवसात २० एकरांपर्यंत फवारणी होते. दोन संच खराब झाले की काम मागे पडतं, हप्ता मात्र तेवढाच राहतो. म्हणून बॅटरी कशी सांभाळायची, हे ड्रोन उडवणाऱ्या ताईलाच नाही, गटातल्या प्रत्येकीला माहीत हवं.

ही बॅटरी वेगळी कशी?

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी शिसं आणि ॲसिडची असते. ती नेहमी भरलेली ठेवावी लागते. ड्रोनमध्ये बहुतेक वेळा लिथियम पॉलिमर बॅटरी असते, तिला 'लिपो' म्हणतात. वजनाला हलकी, ताकदीला भारी. पण आत पातळ पाकिटासारखे सेल असतात आणि त्यातलं द्रावण पेट घेणारं असतं. पोरांच्या रिमोटवरच्या काही गाड्यांतही हीच बॅटरी छोट्या आकारात असते. नियम तेच.

एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की आतून कायमचा बिघडतो. ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ व्होल्टवर हवा, म्हणजे बॅटरी साधारण निम्मी भरलेली. १२ सेलची बॅटरी असेल तर पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्ट आणि ठेवताना ४६ व्होल्टच्या आसपास.

चार्जिंग करताना

१. शेतातून आणलेली गरम बॅटरी लगेच लावू नका. सावलीत ठेवा, हाताला गार लागली की मगच लावा. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.

२. कंपनीने दिलेलाच चार्जर वापरा. तो प्रत्येक सेल सारखा भरतो. एखादा सेल सारखा मागे राहत असेल तर ती बॅटरी बाजूला काढा, तंत्रज्ञाला दाखवा.

३. किती अँपिअरवर चार्ज करायची ते बॅटरीवर आणि माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. साधा हिशोब असा, की १६,००० एमएएचच्या बॅटरीला १६ अँपिअर. घाई म्हणून त्यापेक्षा वाढवायचं असेल तर कंपनीने तशी परवानगी दिलेली हवी.

४. १२ सेलच्या अशा दोन बॅटऱ्या एकदम लावल्या तर चार्जर दीड हजार वॉटपेक्षा जास्त वीज ओढतो. तो मोबाईलच्या बोर्डावर चालवू नका. १६ अँपिअरचा सॉकेट आणि चांगलं अर्थिंग लागतं. वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

५. चार्जिंग सुरू असताना कुणीतरी जवळ असलंच पाहिजे. वीज रात्री येते म्हणून बॅटरी लावून झोपायचं, हे चालणार नाही.

खर्चाचं म्हणाल तर अशी एक बॅटरी भरायला पाऊण ते एक युनिट वीज लागते. फवारणीचा दर ठरवताना हाही आकडा धरा.

उडवताना

बॅटरी पार संपेपर्यंत उडवू नका. २५-३० टक्के उरली की ड्रोन उतरवा. "एवढा एक पट्टा राहिलाय ताई, मारून टाका," असं शेतकरी दादा म्हणतील. बॅटरी बदला, मग मारा.

ठेवताना

खरी कसोटी इथंच आहे. फवारणीचा हंगाम सरला की बॅटऱ्या महिनोन्‌महिने पडून राहतात. हंडा भरून ठेवायची आपली सवय इथं उलटी पडते. भरलेली बॅटरी तशीच ठेवली तर आत वायू तयार होऊन ती फुगते. रिकामी ठेवली तर हळूहळू आणखी उतरते आणि परत चार्ज होण्याच्या लायक राहत नाही.

म्हणून उद्या-परवा काम नसेल तर चार्जरवरचा 'स्टोरेज' पर्याय निवडा. तो बॅटरी बरोबर निम्म्यावर आणतो. फवारणी पावसामुळे रद्द झाली आणि बॅटऱ्या भरलेल्या आहेत, तेव्हाही हेच करा. महिन्यातून एकदा तपासा, उतरली असेल तर पुन्हा निम्म्यावर आणा.

जागा कोरडी, थंड, हवेशीर हवी. खाली फरशी असावी. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात भट्टी होते, ती नको. चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ, डिझेल, खत किंवा औषधांच्या शेजारी नको. गोणपाट आणि कापसावर तर मुळीच नको. तोंडावर टोपण लावा. दोन्ही टोकांना सोन्याची किंवा धातूची बांगडी एकदम टेकली तरी ठिणगी उडते. हाताळताना ती काढून ठेवा, मंगळसूत्र पदराआड घ्या. मुलांचा हात पोचणार नाही अशी सोय करा.

फुगली तर?

फुगलेली, चेपलेली, गोडसर वास येणारी किंवा भिजलेली बॅटरी चार्ज करायची नाही, उडवायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. घराबाहेर कोरड्या वाळूच्या बादलीत ठेवा आणि कंपनीला कळवा. भंगारवाल्याला देऊ नका, उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटरीची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

धूर दिसला तर आधी माणसं बाहेर काढा. हाताशी असेल तरच मेन स्विच बंद करा. धूर विषारी असतो, बॅटरी उचलायला आत जाऊ नका. ११२ वर फोन करा.

बॅटरीचीही नोंदवही

दप्तर अद्ययावत ठेवणं आपल्याला नवीन नाही. प्रत्येक बॅटरीवर १, २, ३ असे नंबर टाका आणि वहीत रकाने आखा : तारीख, बॅटरी नंबर, कितव्यांदा चार्ज केली, ठेवताना किती व्होल्ट, फुगलीय का, सही. दोन महिन्यांत कळेल की कोणती बॅटरी दमत चाललीय. हमीच्या काळात कंपनीकडे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामी येईल.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गटाच्या बॅटऱ्या आज कुठं ठेवल्यात आणि किती व्होल्टवर आहेत, एवढे दोन प्रश्न विचारा. उत्तर वहीत लिहा.