लोहगांवचीं लिबरेटर विमानें : एक उपेक्षित साधन

१

पुण्याच्या पूर्वेस सोलापूरच्या रस्त्यावर, हवेली तालुक्यांत, लोणी काळभोर हें गांव आहे. तेथून जवळच थेऊर. इ. स. १७७२ मध्यें थोरले माधवराव पेशवे तेथें निवर्तले. म्हणून जुन्या कागदांच्या शोधार्थ या वाटेनें जाणारा संशोधक थेऊरकडे वळतो. परंतु लोणीच्या वायव्येस, मुळामुठेपलीकडे, चार-पांच कोसांवर लोहगांवचा विमानतळ आहे. तिकडे त्याची दृष्टि सहसा जात नाहीं. हा तळ इ. स. १९३९ मध्यें मुंबईच्या हवाई संरक्षणार्थ स्थापन झाला. पुढें लिबरेटर नांवाचीं जीं विमानें येथें नांदलीं, तीं मूळचीं मोडून टाकून दिलेलीं होतीं. त्यांचा वृत्तान्त देऊन, मोडकें विमान हेंही खंडित पोथीप्रमाणें इतिहासाचें साधन आहे, एवढें दाखविण्याचा आमचा हेतु आहे.

२

लिबरेटर हें अमेरिकन बनावटीचें, चार एंजिनांचें, लांब पल्ल्याचें बाँबफेकी विमान. पंखांचा विस्तार ११० फूट. दुसऱ्या महायुद्धांत अशीं १८,००० हून अधिक विमानें तयार झालीं. ब्रिटिश विमानदळानें ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत तीं भारतांतील तळांवरून वापरलीं आणि युद्ध संपल्यावर त्यांपैकीं पुष्कळशीं कानपूरच्या चकेरी तळावर आणून उभीं केलीं. तेथें तीं हेतुपूर्वक निकामी करण्यांत आलीं. उपकरणें फोडलीं, सांगाड्यांस भोकें पाडलीं, एंजिनांत वाळू घातली.

इंग्रजांनीं जातां जातां भारताच्या हातीं कांहीं लागूं नये अशा आकसानें हें केलें, असें पुष्कळदां बोललें जातें. हें विधान पारखून घेतलें पाहिजे. हीं विमानें ब्रिटिशांच्या मालकीचीं नव्हतीं. ता. ११ मार्च १९४१ च्या ‘लेंड-लीज’ या अमेरिकन कायद्यान्वयें तीं उसनीं मिळालेलीं होतीं. युद्ध संपल्यावर तीं परत करावीं, विकत घ्यावीं, अथवा नष्ट करावीं, एवढेच मार्ग मोकळे होते. परत घेण्याची अमेरिकेस गरज नव्हती, विकत घेण्याचें ब्रिटनला त्राण नव्हतें. तिसरा मार्ग तेवढा उरला. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ब्रिटिश आरमारानें अशींच उसनीं विमानें जहाजांवरून समुद्रांत ढकललीं. तेथें आकस कोणाशीं होता? तात्पर्य, चकेरीच्या विध्वंसाचें कारण करारांत सांपडतें. त्यासाठीं द्वेषाची कल्पना करण्याचें प्रयोजन नाहीं. कागद हातीं असतां आख्यायिकेवर विसंबूं नये, हा नियम अलीकडच्या काळासही लागू आहे.

३

स्वतंत्र भारतास मोठ्या बाँबफेकी विमानांची निकड होती. १९४७-४८ च्या काश्मीर-युद्धांत वाहतुकीच्या डाकोटा विमानांतून बाँब ढकलून वेळ निभवावी लागली होती. तेव्हां बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यावर चकेरीच्या मोडीतून विमानें उभीं करण्याचें काम सोंपविण्यांत आलें. कारागिरांनीं एका विमानाचा भाग काढून दुसऱ्यास जोडला व प्रत्येक विमान एका उड्डाणापुरतें सज्ज केलें. कारखान्याचे मुख्य परीक्षक वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं तीं एकामागून एक बंगलोरास उडवीत नेलीं. तेथें त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशा रीतीनें सुमारें चाळीस विमानें पुनः सेवेंत आलीं. ता. २ नोव्हेंबर १९४८ रोजीं भारतीय विमानदळाचें पांचवें पथक याच विमानांवर उभें राहिलें. पुढें सहावें पथक लोहगांवीं राहून लिबरेटरांनीं समुद्रावर टेहळणी करीत असे. इ. स. १९६८ च्या अखेरीस तीं निवृत्त झालीं. ज्यांस मोडीत काढलें होतें, त्यांनीं वीस वर्षें चाकरी केली!

४

आतां हीं विमानें साधन म्हणून कशीं वाचावीं तें पाहूं. प्रत्येकावर एकाखालीं एक तीन राज्यांचे क्रमांक आहेत. लंडनच्या राजकीय विमानदळ-संग्रहालयास १९७४ मध्यें भारताकडून मिळालेलें विमान घ्या. त्याचा अमेरिकन क्रमांक ४४-५०२०६, ब्रिटिश के. एन. ७५१ आणि भारतीय एच. ई. ८०७. पहिल्यावरून तें केव्हांच्या मागणींतलें हें कळतें, दुसऱ्यावरून तें १९४५ मध्यें कोकोस बेटांवर ९९ व्या पथकाकडे होतें हें कळतें, आणि तिसऱ्यावरून भारतांतील सेवा उलगडते. एकाच कागदावर निरनिराळ्या कारकीर्दींचे शिक्के असावेत, तसा हा प्रकार आहे. मात्र दुरुस्तींत भाग परस्परांस जोडले गेल्यामुळें, विमानावरचा क्रमांक प्रत्येक भागास लागू पडेलच असें नाहीं. दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत मिसळलीं असतां जी सावधगिरी ठेवावी लागते, तीच येथें हवी.

जगांत शिल्लक असलेल्या थोड्या लिबरेटरांपैकीं कितीएक या भारतीय समूहांतलीं आहेत. दिल्लीच्या पालम संग्रहालयांत एच. ई. ९२४ आहे, अमेरिकेंत गेलेल्या एकानें दुरुस्तीनंतर १९८९ मध्यें पुनः उड्डाण केलें.

५

अवशेष व कागद एकमेकांवांचून अपुरे असतात. ता. ९ मार्च १९४३ च्या रात्रीं गोव्यांत मुरगांव बंदरांत एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स हीं जर्मन जहाजें आणि आन्फोरा हें इटालियन जहाज त्यांच्याच खलाशांनीं जाळून बुडविलीं. जहाजें सर्वांच्या डोळ्यांदेखत बुडालीं. पण त्यामागें कलकत्त्याहून आलेल्या हौशी स्वारांचा गुप्त छापा होता, ही हकीकत सुमारें ३५ वर्षें बाहेर आली नाहीं.

उलट लिबियाच्या वाळवंटांतील गोष्ट पहा. ‘लेडी बी गुड’ नांवाचें एक लिबरेटर ता. ४ एप्रिल १९४३ रोजीं नाहींसें झालें. १९५८ मध्यें तें वाळवंटांत दिसलें, परंतु आंत मनुष्य नव्हतें. १९६० मध्यें सहवैमानिकाच्या अस्थींजवळ त्याची लहानशी रोजनिशी मिळाली. नऊ जणांपैकीं आठ एकत्र आले व एका बाटलीभर पाण्यावर आठ दिवस कसे चालले, हें त्या थोड्याशा ओळींनीं सांगितलें. विमानानें स्थळ दिलें, रोजनिशीनें माणसें दिलीं.

६

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. लोहगांव, लोणी, थेऊर या टापूंत विमानतळावर काम केलेल्यांचीं घरें असतील. त्यांतील उड्डाणवह्या, हत्यारांच्या याद्या, पत्रें, छायाचित्रें यांस रद्दी समजूं नये. छायाचित्राच्या पाठीवरील मजकूर व पंखांवरील क्रमांक दोन्ही उतरून घ्यावेत. धातूचा तुकडा मिळाल्यास त्यावरील जुना रंग घांसून काढूं नये, सांपडल्याचें स्थळ लिहून ठेवावें. जेथें मनुष्याच्या अस्थि असण्याचा संभव आहे तेथें कांहींच हलवूं नये. तें संग्रहाचें स्थान नसून समाधीचें आहे. लिबरेटर एकदां मोडीत निघून परत आलें. रद्दींत गेलेला कागद परत येत नाहीं.