प्रेशर पंप विकण्याआधी हे तपासा

प्लंबिंग किंवा फिल्टर सर्व्हिसचा धंदा सुरू करताय? मग व्हिडिओसोबत हेही वाचा.

"नळाला धार नाही" असा फोन आला की बरेच जण थेट पंप सुचवतात. थांबा, आधी तीन गोष्टी बघा.

१. एकच नळ मंद आहे? तोंडाची जाळी काढा, गाळ धुवा. बहुतेक वेळा काम तिथंच होतं.

२. सगळे नळ मंद? टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का बघा. फिल्टर बायपास करून धार वाढली, तर कार्ट्रिज चोंदलंय.

३. फक्त वरचा मजला मंद? टाकीतलं पाणी नळापेक्षा १० फूट वर असेल तर प्रेशर जेमतेम ०.३ बार मिळतं. शॉवरला ते कमीच पडतं. इथं पंप खरंच लागतो, पण तो टाकीनंतर. महापालिकेच्या लाइनवर थेट टुल्लू लावून देऊ नका. ते बेकायदेशीर आहे, पंप जप्त होतो आणि फुटक्या पाइपातून घाणही ओढली जाते.

आता गाळ. नागपूरला पेंच-कन्हानचं पाणी शुद्ध होऊनच येतं, तरी टाकीच्या तळाशी माती साचते. टाकी धुवायला सांगा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर मात्र क्षारांचा असतो. साधा गाळाचा फिल्टर तो थांबवत नाही, तेव्हा तसं सांगून विकू नका.

नंदनवनात एक शेजारी दुसऱ्याला विचारूनच माणूस बोलावतो. जाळी धुऊन फक्त व्हिजिट चार्ज घ्याल, तर पुढचा फोन तुम्हालाच येईल.