मराठा लाइट इन्फंट्री : ऐकीव आणि खरं

कोपर, डोंबिवली, दिवा या पट्ट्यात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातून आलेली घरं पुष्कळ आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांच्या गावी भावकीतलं कोणीतरी 'मराठा'त असतं किंवा तिथून निवृत्त झालेलं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीविषयी इथे जिव्हाळा आहे, तसेच काही ऐकीव समजही आहेत.

शिवछत्रपतींची फौजच पुढे ही रेजिमेंट झाली, हा त्यांतला सर्वांत पक्का समज. प्रेरणेचं नातं खरंच आहे. जवानांची युद्धघोषणा आजही 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' हीच आहे. वंशावळ मात्र वेगळी आहे. रेजिमेंटची सर्वांत जुनी बटालियन, म्हणजे 'जंगी पलटण', १७६८ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने उभी केली. पुढच्याच वर्षी 'काली पांचवी' आली. कंपनीला मुंबई बेट आणि वखारी राखायला शिपाई हवे होते. मुंबईच्या अशा देशी पलटणी मराठ्यांविरुद्धही लढल्या, आणि ते रणांगण कोपरपासून दूर नव्हतं. १७७४ च्या अखेरीस कंपनीने ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला आणि १७८० मध्ये कल्याणसाठी झुंज झाली. त्या काळच्या मुंबई फौजेत मराठ्यांसोबत महार, मुसलमान, बेने इस्रायली असे सगळेच शिपाई होते. 'मराठा' हे नाव पलटणींना अधिकृतपणे लागलं ते बरंच उशिरा. १९०३ च्या फेररचनेत जंगी पलटण '१०३ मराठा लाइट इन्फंट्री' झाली, आणि १९२२ मध्ये अशा अनेक पलटणी एकत्र आणून आजच्या रेजिमेंटचा पाया घातला गेला. हा इतिहास झाकण्याची काहीच गरज नाही. कंपनीच्या चाकरीत सुरू झालेली पलटण स्वतंत्र भारताची मानाची रेजिमेंट होते, हा प्रवास दंतकथेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

'लाइट' म्हणजे हलकी, दुय्यम, असंही काही जण धरून चालतात. वस्तुस्थिती उलट आहे. मुख्य फौजेच्या पुढे चपळाईने जाऊन लढणाऱ्या पायदळाला लाइट इन्फंट्री म्हणत, आणि हा किताब कमवावा लागे. १८४० मध्ये बलुचिस्तानातल्या काहान या एकाकी ठाण्यात काली पांचवीच्या शिपायांनी वेढ्यात सापडूनही अनेक महिने तग धरला. त्याबद्दल १८४१ मध्ये या पलटणीला तो किताब मिळाला.

आता सर्वाधिक घोळ होतो तो भाग. 'मराठा रेजिमेंट सीमेवर गेली' असं सहज म्हटलं जातं, पण पायदळाची अख्खी रेजिमेंट एकत्र लढायला जातच नाही. लढते ती बटालियन, जिला जवान आपुलकीने पलटण म्हणतात. एका पलटणीत साधारण आठशे माणसं, तिच्या कंपन्या, कंपनीच्या प्लाटून, प्लाटूनच्या सेक्शन. प्रमुख असतो कर्नल. ब्रिगेडमध्ये सहसा तीन पलटणी असतात आणि त्या बहुधा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या असतात. मराठ्याच्या शेजारच्या खंदकात गढवाली किंवा मद्रासी पलटण असू शकते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रेजिमेंट एकच, पण घाडगे तिसऱ्या बटालियनचे आणि जाधव पहिल्या. दोन्ही बटालियन वेगवेगळ्या डिव्हिजनांत लढत होत्या.

मग रेजिमेंट असते कशासाठी? ती घराणं असते. भरती झालेल्या पोराला घडवणारं केंद्र, सामायिक निशाण, परंपरा आणि जुन्या लढायांचा मान यांनी पलटणी बांधलेल्या राहतात. रणगाडा दलात मात्र हाच शब्द एका युनिटसाठी वापरतात. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या पूना हॉर्सचे परमवीर, ती पूना हॉर्स रेजिमेंट म्हणजे एकच युनिट.

रेजिमेंट आणि मुलूख यांची सांगड जगभर वेगवेगळ्या रीतीने पडली. स्वीडनमध्ये राजा अकरावा कार्ल याच्या काळात, १६८२ पासून, प्रांतांशी करार झाले. प्रांताने रेजिमेंट सदैव सज्ज ठेवायची आणि त्या बदल्यात सक्तीच्या भरतीतून सुटायचं. काही शेतकरी कुटुंबांचा गट मिळून एक शिपाई पोसे आणि त्याला राहायला छोटं घर व जमीन देई. ही पद्धत १९०१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा येईपर्यंत टिकली. तिथे रेजिमेंट प्रांताची होती. आपल्याकडे इंग्रजांनी तिला जातीचं आणि समाजाचं लेबल लावलं, आणि त्यातूनच पुढचा गैरसमज आला.

तो असा, की मराठा रेजिमेंट फक्त मराठ्यांची आणि महाराष्ट्रातली. तिचं केंद्र १९२२ पासून बेळगावात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आहे. जवानांत मराठ्यांचं प्रमाण मोठं असलं तरी अधिकारी देशाच्या कुठल्याही भागातले असतात. दुसऱ्या मराठाचे कॅप्टन एरिक टकर आणि सोळाव्या मराठाचे कर्नल नीलकंठन जयचंद्रन नायर हे दोघे नागालँडमध्ये धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. महार रेजिमेंटचंही तसंच. ती १९४१ मध्ये उभी राहिली, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात आज सर्व समाजांचे जवान आहेत. १९८७ मध्ये श्रीलंकेत शहीद झालेले परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महारचे होते. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुखही याच रेजिमेंटने दिले.

पलटणीचं नाव आणि काम कायमचं ठरलेलं असतं, हाही समज खरा नाही. घाडगे ज्या बटालियनमध्ये होते ती पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते. एकविसाव्या मराठाची १९९६ मध्ये एकविसावी पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच एकविसाव्या पॅराचे. २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं, तेव्हा ते राष्ट्रीय रायफल्सच्या एक्केचाळिसाव्या बटालियनचं नेतृत्व करत होते. ती बटालियन मराठा लाइट इन्फंट्रीशीच जोडलेली आहे.