दंतवैद्याची खुर्ची आणि पालक

लहान मुलाला दंतवैद्याकडे नेल्यावर आईवडिलांनी त्याच्याजवळ थांबावे की बाहेर बसावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु बालपणी मनात बसलेली दंतवैद्याची धास्ती पुष्कळदा मोठेपणीही सुटत नाही. माणूस उपचार टाळत राहतो आणि दात किडत राहतात. म्हणून या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

पूर्वी अनेक दंतवैद्यांचा कल पालकांना बाहेर बसविण्याकडे असे. आई समोर असली की मूल अधिक रडते, डॉक्टरांचे ऐकण्याऐवजी तिच्याकडे पाहते, अशी त्यांची धारणा होती. सर्वच वयांच्या मुलांना ती लागू पडत नाही. अमेरिकेत फ्रँकल व त्यांचे सहकारी यांनी शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांचा अभ्यास करून १९६२ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे साडेतीन ते चार वर्षांची, म्हणजे ४१ ते ४९ महिन्यांची मुले आई जवळ असताना अधिक सहकार्य करीत. त्याहून मोठ्या मुलांत मात्र तसा फरक आढळला नाही. इतक्या कोवळ्या वयात अपरिचित खोलीत आईपासून दुरावणे हेच एक मोठे भय असते, हे ध्यानात घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही.

तथापि आईने नुसते जवळ असणे पुरेसे नाही. ज्या मातांच्या मनात चिंता अधिक, त्यांची मुले दात काढताना अधिक विरोध करतात, असे जॉन्सन आणि बाल्डविन यांना १९६८ मध्ये आढळून आले. मूल शब्दांपेक्षा चेहरा आधी वाचते. "मुळीच दुखणार नाही हं!" असे कातर स्वरात पुनःपुन्हा सांगणारी आई दुखण्याचीच आठवण करून देत असते.

आपल्याकडे तर भीतीचे बीज घरीच पेरले जाते. "दंगा केलास तर डॉक्टरांना सुई टोचायला सांगेन," अशी धमकी देणाऱ्या पालकांनी पुढे त्याच डॉक्टरांपुढे मुलाने हसतमुखाने तोंड उघडावे, अशी अपेक्षा का धरावी?

मूल लहान असेल तर पालकांनी अवश्य जवळ थांबावे, हात हाती धरावा आणि बोलण्याचे काम डॉक्टरांवर सोपवावे. आधी सांगणे, मग दाखविणे आणि त्यानंतरच उपचार करणे, ही बालदंतवैद्यकातील रूढ पद्धत आहे. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सूचना येऊ लागल्या, तर ती साधत नाही. मूल थोडे मोठे झाले, की आईबाबांनी आत यावे की नाही, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यालाच विचारावे. धीर धरण्याचा पहिला धडा मात्र पालकांनी स्वतः गिरविला पाहिजे.